व्याह्यांच्या पोटातली अळंबी

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी एक पक्कं केलं होतं. व्याह्यांच्या घरी डॉक्टर म्हणून जायचं नाही, मुलीचा बाप म्हणून जायचं. खाली मान घालून बसायचं, वाढतील ते खायचं, आणि कुणी ढेकर दिला तरी त्याचं कारण शोधत बसायचं नाही.

मी पोटाचा डॉक्टर आहे. त्यातही दुर्बिणीचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, चौक गावाच्या अलीकडे एका छोट्या इस्पितळात माझी खोली आहे. बोटाएवढी जाड, लांब, लवचीक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती कधी घशातून तर कधी मागच्या बाजूने आत घालायची आणि समोरच्या पडद्यावर आतडं बघत जायचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वय वाढेल तशा कधीकधी गाठी उगवतात. पुस्तकात त्यांना पॉलिप म्हणतात, मी आमच्याकडच्या लोकांना अळंबी म्हणून सांगतो. शेताच्या बांधावर अळंब्या वेचलेल्या माणसाला लगेच समजतं. काहींना देठ असतो, काही नुसत्या चिकटून पसरलेल्या असतात. बहुतेक निरुपद्रवी. पण एखादी वर्षानुवर्षं तशीच राहिली तर तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दिसली की काढायची. त्याच नळीतून बारीक अवजारं सरकवून, पोटाला कुठेही चिरा न देता.

हे काम एकट्याचं नाही. माझ्याबरोबर खालापूरच्या एक सिस्टर आहेत. नळी माझ्या हातात असते आणि तारेच्या फासाची मूठ त्यांच्या हातात. गाठीभोवती फास मी टाकायचा, आवळायचा त्यांनी, मग तारेत वीज सोडून गाठ जाळत कापायची. घाईने आवळला तर गाठ जळायच्या आधीच तुटते आणि रक्त येतं, फार हळू आवळला तर भलतंच भाजतं. इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर आमचं बोलणं ‘उघडा’, ‘थांबा’, ‘आवळा’ एवढ्यावर आलं आहे. बाकीचा वेळ सिस्टर पेशंटशी त्याच्या शेतीबद्दल बोलत असतात.

तर मुलीचं लग्न. मुलगी खोपोलीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला, मुलगाही तिथलाच. दोघांनी आपसांत ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. मुलाचं घर भिवपुरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. घरची भातशेती. व्याह्यांनी मात्र उमेदीची वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून काढली होती. सुटी मिळाली की पायवाटेने डोंगर उतरून घरी यायचे आणि परत चढून जायचे. हॉटेल सुटल्यावर ते गावातच राहिले, पण हातातला झारा सुटला नाही. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, आचारी म्हणून यांनाच बोलावणं असायचं.

आम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा स्वयंपाक त्यांनीच केला होता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा. विहीणबाई वाढत होत्या आणि हे दाराशी उभे राहून आमच्या तोंडाकडे बघत होते. माझी बायको हात आखडता घेऊन जेवणारी, पण त्या दिवशी तिने बिरडं दोनदा मागून घेतलं. व्याही इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

तांब्या ठेवताना त्यांचा तळवा दिसला. पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा. मी नजर वळवली. मग ते ओट्यावर चढले, आणि चढल्यावर खांबाला धरून जरा थांबले. चार पायऱ्यांचा ओटा, आणि हा माणूस माथेरान चढणारा. मी भाकरीचा तुकडा मोडत स्वतःला बजावत होतो की तू आज मुलीचा बाप आहेस.

घरी येताना गाडीत बायको म्हणाली, व्याही फार फिकट दिसतात, नाही? मी हो म्हटलं आणि गप्प बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात माझी गप्प बसण्याची तऱ्हा तिला पाठ झाली आहे.

साखरपुड्याच्या दिवशी मात्र माझा निश्चय मोडला. कार्यक्रम त्यांच्याच अंगणात होता. जेवणाचा बेत अर्थात त्यांच्या देखरेखीखाली. मांडवाच्या मागे चुली लावल्या होत्या, आणि मी सहज तिकडे गेलो तर व्याही एका पोत्यावर बसले होते. कपाळावर घाम. भाताचं तोप उतरवायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणाले. बाकी काही नाही, जागरण झालंय.

मी शेजारी बसलो आणि विचारलं की शौचावाटे रक्त जातं का. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग झाऱ्याच्या दांड्याकडे बघत हळूच हो म्हणाले. बरेच महिने झाले होते. मूळव्याध समजून एका ओळखीच्या माणसाकडून कसलीशी मुळी आणून ताकातून घेत होते. बायकोला सांगितलं नव्हतं, मुलाला तर नाहीच. लग्नघरात कशाला भलतं काढायचं, असा त्यांचा विचार. मूळव्याध असेलही, मी म्हणालो, पण एवढा फिकटपणा नुसत्या मूळव्याधीने यावा असं मला वाटत नाही. आधी रक्त तपासू.

रक्त खूपच कमी निघालं. मग मी सांगितलं की मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला हवी, आणि ती लग्नाच्या आधी व्हायला हवी.

यावरून जे रामायण झालं त्याची मला कल्पना नव्हती. व्याह्यांचे थोरले भाऊ म्हणजे भावकीतले वडीलधारे. त्यांच्या कानावर नुसतं तपासणीचं गेलं, कारण नाही, आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष विचारलं की लग्नाच्या आधी मुलीचा बाप मुलाच्या बापाची तपासणी करतो, ही कुठली रीत? उद्या लोक म्हणतील यांच्या घराण्यात रोग आहे, म्हणून आधी तपासून घेतलं. कुणीतरी त्यात भर घातली की डॉक्टरांना सोयरीक मोडायची असेल, तोंडाने सांगता येत नाही म्हणून हा घाट. फिरत फिरत हे बोलणं खोपोलीच्या कारखान्यापर्यंत पोचलं.

मुलगी संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. बाबा, तुम्ही त्यांच्या घरी काय बोललात, असं तिने विचारलं. मला काही सांगता येईना. पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायची नाही हा नियम, मग ती मुलगी का असेना. मी एवढंच म्हणालो की त्यांनाच विचार, त्यांनी सांगितलं तर ऐक. ती दोन दिवस माझ्याशी तुटक वागली. चहा द्यायची, पण कप टेबलावर जरा जोरात ठेवायची.

खरं म्हणजे मलाही हे काम स्वतः करायचं नव्हतं. घरच्या माणसावर हात चालवताना हात जड होतो हे मी अनुभवाने जाणतो. आणि हे तर व्याही. काही कमीजास्त झालं तर मुलीला आयुष्यभर त्या घरात राहायचं. पनवेलला माझा एक जुना मित्र हेच काम करतो. मी त्याच्याशी बोललो, त्याने वेळही दिली. मी होणाऱ्या जावयांना फोन करून तसं कळवलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी पेशंट बघत होतो आणि दार ढकलून व्याही आणि विहीणबाई आत आले. व्याह्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, डोक्याला टोपी. विहीणबाईंच्या हातात तांदळाची पिशवी. मी उठून उभा राहिलो. बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

“डॉक्टर, मी पनवेलला जायचा नाय,” ते म्हणाले. “तुमी मला तुमची लेक देताय. मी तुमाला माजं आतडं दाखवाया का लाजू?”

विहीणबाईंनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या की भाऊजींचं मनावर घेऊ नका, त्यांना मी बघते. घरात सगळ्यांना ह्यांनी आता खरं सांगितलंय. मुलाला सांगितलं, तुमच्या मुलीला सांगितलं. ती रडली पोरगी, मग म्हणाली बाबांकडेच करा.

संध्याकाळी घरी गेलो तर मुलीने चहा आणला आणि कप अगदी अलगद ठेवला.

आता प्रश्न तयारीचा आला. ही तपासणी करायची तर आतडं अगदी स्वच्छ लागतं. आदल्या दिवशी घन काही खायचं नाही, नुसतं पाण्यासारखं पातळ, आणि संध्याकाळी नि दुसऱ्या दिवशी पहाटे औषधाची भुकटी पाण्यात घालून भरपूर प्यायची. त्यानंतर माणसाला शौचालयापासून फार लांब जाता येत नाही. भिवपुरीहून कर्जतमार्गे चौकापर्यंतचा तो वळणांचा रस्ता अशा अवस्थेत गाडीने पार करणं म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. म्हणून असं ठरलं की आदल्या दिवशी त्या दोघांनी आमच्याकडेच मुक्कामाला यायचं. आमचं घर इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर आहे.

हे ऐकून माझी बायको डोक्याला हात लावून बसली. व्याही पहिल्यांदा मुक्कामाला येणार आणि त्यांना उपाशी ठेवायचं. तिच्या माहेरी सात पिढ्यांत असं घडलं नसेल. तिने दोन दिवस माझ्याशी वाटाघाटी केल्या. मऊ भात चालेल का? नाही. नाचणीची आंबील? नाही. बरं, डाळीचं वरचं पाणी, गाळून? ते चालेल. मग शहाळं, लिंबाचं सरबत, बिनदुधाचा चहा असं करत करत तिने बराच मोठा बेत उभा केला. व्याही आले तेव्हा टेबलावर चांदीच्या वाट्यांत सगळं मांडून ठेवलं होतं. त्यात कोकमाचं सरबतही होतं. ते मी उचलून आत नेऊन ठेवलं, कारण लाल रंगाचं काही पोटात गेलं तर दुर्बिणीतून रक्त आहे की कोकम हे मला कळणार नाही. बायको हिरमुसली. दिवसभर भिजवलेली आमसुलं होती ती.

व्याह्यांनी मात्र डाळीच्या पाण्याची वाटी हातात घेतली, वास घेतला, एक घोट घेतला आणि मान हलवली. हिंग बरोबर पडलाय, म्हणाले. त्या एका वाक्यावर माझ्या बायकोचा सगळा संकोच गेला. संध्याकाळभर दोघं स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसले होते. एकीकडे ते औषधाचं पाणी पीत होते, मधेच उठून जात होते, आणि परत येऊन जिथे सोडलं तिथून पुढे सांगत होते. शंभर माणसांच्या रश्शाला वाटण किती भाजायचं, खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं, पावसाळ्यात ओलं लाकूड असेल तर चूल कशी लावायची. विहीणबाई मला हळूच म्हणाल्या की ह्यांना एवढं बोलताना मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं.

रात्री आम्ही तिघं आणि विहीणबाई आत दार लोटून, आवाज न करता जेवत होतो. चोरासारखं. तेवढ्यात बाहेरून व्याह्यांचा आवाज आला, “फोडणीतला लसूण करपलाय वैनी, तुमी जेवा, पन ध्यानात ठेवा.”

त्या औषधाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. मीठ ठीक आहे, पण लिंबाचा तो खोटा वास कशाला घातला, असा त्यांचा सवाल. हॉटेलात असं कुणी केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी भांडी घासायला बसवलं असतं, म्हणाले. पण सगळं प्यायले. सकाळी हसत हसत इस्पितळात चालत आले.

खोलीत सिस्टरांनी त्यांना कुशीवर झोपवलं, हाताला सुई लावली. गुंगीचं औषध आम्ही थोडंच देतो, माणूस अर्धवट जागा असतो. व्याह्यांनी आधीच विचारलं होतं की पडदा मला दिसेल का. सिस्टरांनी पडदा त्यांच्या बाजूला वळवला आणि त्यांच्याशी यंदाच्या भाताबद्दल बोलायला सुरुवात केली. मी हातमोजे घालताना माझ्या लक्षात आलं की माझी बोटं गार पडली आहेत. पुष्कळ वर्षांत असं झालं नव्हतं.

नळी आत गेली आणि थोड्याच अंतरावर ती दिसली. देठ असलेली, आवळ्याएवढी, लालभडक, टोकावर रक्त साकळलेलं. एवढ्या दिवसांचं रक्त कुठून जात होतं ते समजलं. मला एकदम हायसं वाटलं. देठ होता, आणि देठवाल्या अळंबीला फास टाकता येतो. पण आधी शेवटपर्यंत जाऊन सगळं बघून घ्यायचं आणि परत येताना मोठं काम करायचं, ही माझी पद्धत. म्हणून तिला तिथेच सोडून पुढे गेलो.

आतड्याच्या पार पलीकडच्या टोकाला, उजव्या बाजूला, आणखी एक निघाली. ही वेगळी होती. अंगठ्याच्या नखाएवढी, चपटी, फिक्या रंगाची, अस्तराला चिकटलेली. घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटली असती. मी पाण्याची धार मारून ती धुतली आणि बराच वेळ बघत राहिलो.

चपटी गाठ सरळ कापायची नसते. आतड्याची भिंत तिथे फार पातळ असते, फास खोल गेला तर भोक पडतं. म्हणून आधी बारीक सुईने तिच्या खाली निळा रंग मिसळलेलं मिठाचं पाणी भरायचं. पाण्याने अस्तर वर उचललं जातं, गाठ त्या उशीवर बसते आणि मग फास टाकता येतो. पण गाठीने आत मूळ धरलेलं असेल तर ती उचलली जात नाही. बाजूचं अस्तर फुगतं आणि ती मधे खिळा मारल्यासारखी तशीच राहते. तसं झालं तर फास बाजूला ठेवायचा आणि पेशंटला सांगायचं की हे दुर्बिणीचं काम राहिलं नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल.

सिस्टरांनी सुई पुढे केली. मी ती अस्तरात टोचली आणि म्हणालो, भरा. त्यांनी पिचकारीचा दट्ट्या दाबला. काही झालं नाही. एका बाजूला जराशी निळी झाक आली, गाठ होती तिथेच. दाराबाहेर माझी मुलगी आणि होणारा जावई बाकावर बसलेले होते, हे मला उगीचच आठवलं. मी सुई काढली, थोडी कड बदलली, पुन्हा टोचली. भरा म्हणालो. सिस्टरांनी आपलं भाताचं बोलणं थांबवलं होतं.

मग अस्तर उचललं जायला लागलं. आधी कडेने, मग मधून. गाठ हळूहळू वर आली, निळ्या पाण्यावर छान तरंगली.

“पुरी फुगली,” व्याही गुंगीतच म्हणाले.

सिस्टर हसल्या. मीही हसलो, आणि माझे खांदे खाली आले. फास उघडा म्हटलं. त्यांनी उघडला, मी तो गाठीच्या भोवती कडेचं थोडं निरोगी अस्तर धरून बसवला. आवळा. त्यांची मूठ मिटत गेली. मी फास जरा हलवून बघितला की भिंत ओढली जात नाही ना, आणि पायाखालचं बटण दाबलं. क्षणभर वीज, आणि गाठ सुटून बाजूला पडली. खाली स्वच्छ निळी जागा. तिच्या एका कडेने मात्र रक्ताचा बारीक झरा सुरू झाला. अशा वेळी घाबरण्याची गरज नसते, एवढंसं रक्त खूप वाटतं कारण पडदा मोठा असतो. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगितलं. धातूचा छोटा चिमटा नळीतून सरकवला, जागा धरली आणि सिस्टरांनी तो मिटवला. झरा थांबला. शेजारी आणखी एक चिमटा लावून आम्ही ती जागा शिवल्यासारखी बंद केली. हे चिमटे पुढे आपोआप गळून पडतात.

देठवालीचं काम त्या मानाने सरळ झालं. देठ जाड होता, आत मोठी रक्तवाहिनी असणार, म्हणून आधी त्यात रक्त आवरणारं इंजेक्शन दिलं. मग डोक्यावरून फास घालून देठाच्या मधे आणला. आवळा म्हटल्यावर डोकं हळूहळू जांभळं पडलं. ती भिंतीला टेकणार नाही अशी धरून ठेवली आणि वीज दिली. देठ पांढरा झाला आणि तुटला. जाळीच्या छोट्या पिशवीत धरून ती बाहेर काढली आणि सिस्टरांनी बाटलीत टाकली. व्याह्यांनी ती बघायला मागितली. बाटली उजेडात धरून त्यांनी बराच वेळ निरखली आणि एवढीशी हाय, पन काय ताप दिला, असं म्हणून परत दिली.

बाहेर आलो तर मुलगी उभी राहिली. मी मान डोलावली. तिने माझा हात धरला आणि मग एकदम सोडून विहीणबाईंकडे गेली.

दुपारी त्यांना खायची परवानगी दिली तेव्हा माझ्या बायकोने मऊ भात, तूप आणि मेतकूट घालून डबा पाठवला. चांदीची वाटी त्यातही होती. व्याह्यांनी तो भात असा खाल्ला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सिस्टरांना विचारलं, मला हाच डबा मिळेल का.

काढलेल्या गाठी तपासायला पाठवल्या होत्या आणि तो अहवाल यायला वेळ लागणार होता. ते दिवस मी नीट झोपलो नाही. बाहेरून सगळं चांगलं दिसलं तरी आतलं काय ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. अहवाल आला त्या दिवशी मी फोन केला नाही, गाडी काढून थेट गावी गेलो. भातकापणी चालू होती. व्याही बांधावर बसून कापणाऱ्यांना सूचना देत होते. पंधरवडाभर काही जड उचलायचं नाही असं मी बजावलं होतं, आणि विहीणबाईंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की त्यांच्या हातात विळासुद्धा देत नव्हत्या.

मी बांधावर बसलो आणि सांगितलं. मोठ्या गाठीच्या टोकाला पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर झालेला नव्हता, पण गाठ त्या वाटेवर होती. देठ स्वच्छ निघाला, म्हणजे सगळं निघून आलं. चपटीही पुरती निघाली. आणखी काही करायला नको, फक्त ठरल्या वेळी पुन्हा तपासणीला यायचं.

व्याह्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. “म्हंजी वेळंवर बघितलं,” एवढंच म्हणाले. मग कापणाऱ्यांकडे बघून ओरडले की पेंढ्या नीट बांधा रं, डॉक्टर बघतायत.

विहीणबाईंनी डोळे पुसले आणि घरात चहा ठेवायला गेल्या.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच्या मुहूर्तावर झालं. पंधरवडा केव्हाच उलटून गेला होता, पण विहीणबाईंनी बंदी उठवली नाही. चुलींच्या समोर एक खुर्ची मांडली होती आणि व्याही तिच्यावर बसून बोटाने सगळं चालवत होते. हळद कमी, आच वाढव, तोप दोघांनी उचला. मुलाचा बाप म्हणून त्यांना मांडवात बसवायला लोक तीनदा येऊन गेले, पण ते विधी आला की जायचे आणि अक्षता पडल्या की परत खुर्चीत. गालांवर रंग आला होता. विहीणबाई बायकांच्या घोळक्यात बसून दुर्बिणीची सगळी हकीकत सांगत होत्या, निळ्या पाण्यासकट. दोन बायका तिथेच मला विचारायला आल्या की आमच्या ह्यांनाही रक्त जातं, कधी आणू?

एक गोष्ट मला अजून करायची होती. अशी गाठ एका भावाला निघाली की बाकीच्या भावंडांनीही तपासून घ्यावं असं आम्ही सांगतो. पंगत उठल्यावर मी थोरल्या भावांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. मला काही होत नाही, म्हणाले. व्याहीही बरेच महिने असंच म्हणत होते, मी म्हणालो. त्यावर त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. नवरदेवालाही मी सांगितलं की तू चाळिशीला आलास की माझ्याकडे यायचं. नवी नवरी शेजारी होती, ती म्हणाली की बाबा, आजच्या दिवस तरी राहू द्या.

पुढच्या उन्हाळ्यात व्याह्यांचा फोन आला. भाऊ तयार झालाय, पण त्याची एक अट आहे, म्हणाले. आदल्या रात्री तुमच्याकडेच राहणार आणि वैनींच्या हातचं डाळीचं पाणी पिणार. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच कपाटातून चांदीच्या वाट्या काढायला गेली.

थोरल्या भावांच्या आतड्यात वरईच्या दाण्याएवढ्या दोन गाठी निघाल्या. इतक्या बारीक गाठींना वीज लागत नाही, नुसत्या फासाने गवत खुडल्यासारख्या काढता येतात. काम झालं तेव्हा ते पुरते जागे होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “धाकट्याला खरं सांगू नका. त्याच्यापेक्षा मोठी होती असं सांगा.”

मी बाहेर आलो. व्याही बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते, भावासाठी स्वतः करून आणलेला मऊ भात. त्यांनी विचारलं काय निघालं. मी म्हटलं, ते तुमच्या भावालाच विचारा, पेशंटची गोष्ट मला सांगता येत नाही. ते हसत हसत आत गेले. थोड्या वेळाने दोघांचं भांडण ऐकू यायला लागलं, आणि सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या की सर, पुढचा पेशंट घेऊ या का, हे दोघं काही इतक्यात उठत नाहीत.